भाषाविज्ञानाचा तास : आधी उदाहरणं, मग व्याख्या

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर असतो आणि बहुतेक ठिकाणी तो व्याख्यांनी सुरू होतो. स्वन (उच्चारलेला ध्वनी) म्हणजे काय, स्वनिम (अर्थ वेगळा करणारा ध्वनी) म्हणजे काय, रूपिम (भाषेतला सगळ्यात लहान अर्थपूर्ण तुकडा) म्हणजे काय. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मार्कही पडतात. मात्र त्याच मुलाला 'आपण मराठीत किती प्रकारचे च उच्चारतो?' असं विचारलं की तो 'एक' म्हणतो, आणि पुढच्या दोन वाक्यांत स्वतःच दोन्ही प्रकारचे च उच्चारतो.

हा विषय इतका कोरडा होण्याचं काहीच कारण नाही. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला प्रयोगशाळा आणि सामान लागतं. आपल्या वर्गात साठ मुलं बसलेली असतात आणि प्रत्येकाकडे एक अख्खी भाषा असते. त्या भाषेचे शेकडो नियम त्यांना येतात, फक्त येतात हे त्यांना ठाऊक नसतं. शिक्षकाने ते नियम सांगून टाकले की शोधाची संधी गेली. म्हणून मी एकच क्रम आग्रहाने सुचवते: उदाहरणं, त्यांचा तक्ता, मुलांचा अंदाज, तो अंदाज मोडणारं उदाहरण, सुधारलेला नियम, आणि सगळ्यात शेवटी त्या गोष्टीला शास्त्रात असलेलं नाव. नाव शेवटी आलं की ते पाठ करावं लागत नाही, कारण नाव ज्याला द्यायचं ती वस्तू तोवर हातात आलेली असते.

हे व्यायाम मराठी माध्यमाच्या वर्गासाठी लिहिले आहेत. एका सत्रात सगळे बसतात. वेळ कमी असेल तर चौथा आणि सहावा मात्र सोडू नका.

सत्र सुरू होण्याआधी

पाच-पाच जणांचे गट करा, पण मुलांना आपापले मित्र निवडू देऊ नका. पहिल्या तासाला प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: गाव आणि तालुका, घरात आजी-आजोबा कसं बोलतात, आणि मराठीशिवाय घरात कोणती भाषा कानावर पडते. त्यावरून गट पाडा. एकाच गटात विदर्भातली एक, कोकणातला एक, शहरात वाढलेला एक असा मेळ जमला तर पुढचे निम्मे व्यायाम आपोआप रंगतात, कारण मतभेद गटातच निघतात.

प्रत्येकाला एक वही करायला सांगा. उजव्या पानावर फक्त ऐकलेलं किंवा पाहिलेलं, डाव्या पानावर स्वतःचा अंदाज. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, खाली नवा लिहायचा. शेवटी गुण देताना ही डावी पानंच सगळ्यात उपयोगी पडतात.

मग दोन नियम सांगा आणि सत्रभर पाळा. कुणाच्या बोलण्यावर हसायचं नाही. आणि 'शुद्ध-अशुद्ध' हे शब्द वर्गात वापरायचे नाहीत, त्याऐवजी 'असं कोण म्हणतं, कुठे म्हणतं, कधी म्हणतं' असं विचारायचं. मुलं इथे हमखास शुद्धलेखनाच्या नियमांचा हवाला देतात. तेव्हा शांतपणे सांगा की साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम लिहिण्यासाठी आहेत. ते आपण लिहिताना पाळूच, पण माणूस बोलतो कसा हे त्यांवरून कळत नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. 'पानी' म्हणणारी मुलगी शाळेत अनेकदा टोकली गेलेली असते. ती या वर्गात मोकळी झाली नाही, तर तुमच्याकडे येणारी निम्मी माहिती खोटी असेल.

पहिला व्यायाम : आपलंच तोंड तपासा

एक तास पुरतो. सामान म्हणजे कागदाच्या पट्ट्या, बस.

सगळ्यांना 'म' लांबवायला सांगा आणि मध्येच नाक चिमटीत धरायला लावा. आवाज बंद पडतो. आता 'ल' लांबवून नाक धरा, काही फरक पडत नाही. अनुनासिक म्हणजे काय ते आता सांगितलंत तर एका वाक्यात संपतं.

दोन्ही कानांत बोटं घालून 'स' आणि 'म' आळीपाळीने लांबवा. 'म'ला डोक्यात गुणगुण ऐकू येते, 'स'ला येत नाही. ती गुणगुण म्हणजे स्वरतंतूंचं कंपन. मग ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'काल' आणि 'खाल' म्हणा, पट्टी 'ख'ला हलते. याच पट्टीने 'फूल' तपासताना शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहायला सांगा. काही जण दोन्ही ओठ मिटून फ म्हणतात, काहींचा खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. लिपीत अक्षर एक, तोंडात कृती दोन. हा फरक सांगून टाकू नका, मुलांनाच दिसू द्या.

जीभ कुठे आहे हे कळणं सगळ्यात अवघड. त्यासाठी एक युक्ती आहे. 'ल' म्हणताना जीभ तिथेच थांबवायची आणि आवाज न करता तोंडाने श्वास आत ओढायचा. जिभेच्या कडांना गार लागतं, म्हणजे हवा बाजूने जाते. 'स'साठी तेच करा, गारवा मधोमध लागतो. आता 'ळ'. जिभेचं टोक मागे वळलेलं आहे, तरी गारवा कडांनाच. ल आणि ळ यांचं नातं मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

दुसरा व्यायाम : न पाहता ऐका

मराठी मुलांची सगळ्यात मोठी अडचण लिपी आहे. देवनागरी उच्चारांच्या इतकी जवळ आहे की लिहिलं तसंच आपण बोलतो, यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला असतो. तो वादाने जात नाही, मोजून दाखवल्यावर जातो.

पुढील जोड्या घ्या: जग (दुनिया) आणि जग ('जगणे'ची आज्ञा), जरा (थोडं) आणि जरा (म्हातारपण), दिन आणि दीन, कोश आणि कोष, मन आणि मण (जुनं वजन). एका जोडीच्या वीस चिठ्ठ्या, दहा-दहा, अर्थासह लिहून पिसून घ्या. गटातला एक जण पाठमोरा बसून ओळीने वाचतो, बाकीचे प्रत्येक वेळी 'पहिला' की 'दुसरा' एवढंच लिहितात. शेवटी ताडून पाहा.

वीसपैकी अठरा-एकोणीस बरोबर आले तर कानाला फरक कळतो आहे. दहाच्या आसपास आले तर ऐकणारे अंदाजपंचे लिहीत आहेत, म्हणजे फरक कागदावर आहे, बोलण्यात नाही. दोन्ही 'जग' सहज ओळखले जातात, लिहिताना मात्र एकच. 'दिन' आणि 'दीन' लिहिताना वेगळे, पण सहज बोलण्यात सहसा ओळखू येत नाहीत. एवढ्या एका तासात लिपी आणि उच्चार कायमचे वेगळे होतात.

इथे एक काळजी घ्या. वाचणाऱ्याला काय तपासलं जातंय हे कळलं तर तो शाळेतल्यासारखा 'दीऽन' ओढून म्हणतो. म्हणून चिठ्ठ्यांत असंबद्ध शब्दही मिसळा आणि भरभर वाचायला सांगा. 'मन' आणि 'मण' यांचा निकाल गटागटांत वेगळा येऊ शकतो, आणि यायला हवाच. न आणि ण वेगळे न ठेवणाऱ्या बोली महाराष्ट्रात आहेत, त्या बोलीचे भाषक वाचायला किंवा ऐकायला बसले की आकडे बदलतात. हे आकडे फळ्यावर लिहा, मुलांची नावं लिहू नका.

तिसरा व्यायाम : दोन प्रकारचे च

आता फळ्यावर शब्द टाका: चाक, चिमणी, चोर, चेहरा, चूल, चंद्र, चाळ, चहा, चौकशी, चतुर, चिंच. 'चाक'सारखा च आणि 'चहा'सारखा च असे दोन ढीग करायला सांगा. 'चिंच'पाशी वर्ग अडतो, कारण त्यात दोन्ही आहेत, सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा.

पहिला अंदाज बहुतेक असा येतो: इ, ई, ए यांच्याआधी 'चहा'चा च, इतरत्र 'चाक'चा. चांगला अंदाज आहे, कौतुक करा. मग विचारा, 'चंद्र', 'चतुर' आणि खुद्द 'चहा'चं काय? अंदाज मोडतो. मागच्या तासाची 'जग'ची जोडी पुन्हा काढा. ज आणि च यांचं वागणं सारखंच आहे, आणि पुढे तोच 'अ' असूनही ज बदलल्याने अर्थ बदलतो. म्हणजे हे उच्चार शेजारच्या स्वरामुळे आपोआप बदलत नाहीत, मराठीत ते अर्थ वेगळे करतात. आता 'स्वनिम' हा शब्द द्या.

पण मुलांचा पहिला अंदाज वाया गेलेला नाही. 'घराचा, घराची, घराचं' आणि 'घराचे (दरवाजे)' म्हणायला लावा. 'चा' आणि 'चं'मध्ये एक च, 'ची' आणि 'चे'मध्ये दुसरा. प्रत्यय एकच, पण इ आणि ए आले की च तालव्य, म्हणजे 'चहा'सारखा होतो. म्हणजे काही ठिकाणी दोन च अर्थ वेगळा करतात, आणि काही ठिकाणी तोच फरक शेजारामुळे पडतो. ही गुंतागुंत लपवू नका. खरी भाषा अशीच असते, आणि हुशार मुलांना या विषयाची गोडी नेमकी इथे लागते.

शब्दातला 'अ' कधी नाहीसा होतो हेही याच आठवड्यात उरकून घ्या: 'वापर' म्हणताना प मधला अ ऐकू येतो, 'वापरा' म्हणताना 'वाप्रा' होतं, 'वापरला' म्हणताना पुन्हा ऐकू येतो. अशी दहा क्रियापदं मुलांनीच आणायची आणि नियम गटात लिहायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

चौथा व्यायाम : लाकूड, मजूर आणि काळीज

या व्यायामाला मी पूर्ण दोन तास देते आणि तुम्हीही द्यावेत. सामान्यरूप (प्रत्यय लागताना नामाचं होणारं बदललेलं रूप) हा शब्द मुलांनी शाळेत ऐकलेला असतो, पण त्यात इतकं देखणं गणित आहे हे कुणी दाखवलेलं नसतं.

फळ्यावर पहिली यादी:

लाकूड – लाकडाला
कापूस – कापसाला
बेडूक – बेडकाला
माणूस – माणसाला
तांदूळ – तांदळाला

काय होतंय? 'शेवटच्या अक्षरातला ऊ जाऊन अ येतो.' नियम वहीत लिहून घ्यायचा. आता दुसरी यादी:

मजूर – मजुराला
खजूर – खजुराला
वकील – वकिलाला
जमीन – जमिनीला
बहीण – बहिणीला

इथे स्वर जात नाही, फक्त ऱ्हस्व लिहिला जातो. मुलं लगेच म्हणतात, 'ऊ जातो, ई राहते', पण 'मजूर' आणि 'खजूर' त्यात बसत नाहीत. मग कुणीतरी लिंगाचा मुद्दा काढतं. तिसरी यादी द्या: पाटील – पाटलाला, खाटीक – खाटकाला, तारीख – तारखेला, काळीज – काळजाला. 'तारीख' स्त्रीलिंगी, 'काळीज' नपुंसकलिंगी, आणि दोन्हींत ई गेली. म्हणजे लिंगाचाही प्रश्न नाही.

आता गप्प राहा. ही शांतता पाच मिनिटं टिकली तरी मदत करू नका. कुठल्यातरी गटातून उत्तर येतंच: शब्दाचं पहिलं अक्षर बघा. ला, का, बे, मा, तां, पा, खा, ता, का. सगळीकडे पहिलं अक्षर दीर्घ. म, ख, व, ज, ब मात्र ऱ्हस्व. शब्दाची सुरुवात जड असेल तर पुढचा ई-ऊ झिजून अ होतो, हलकी असेल तर टिकतो. आणि बोलताना तो अ सुद्धा राहत नाही, 'लाक्डाला' होतं. म्हणजे मागच्या आठवड्यातला अ-लोप इथे पुन्हा भेटतो.

हा नियम मुलांना कुणी शिकवलेला नव्हता. चार वर्षांचं मूलही 'बेडकाला' म्हणतं. एवढं सांगून थांबा.

दुसऱ्या तासाला अपवाद मुलांनी आणायचे. नागीण – नागिणीला, मालकीण – मालकिणीला: इथे '-ईण' हा स्त्रीत्व दाखवणारा प्रत्यय आहे, तो झिजत नाही. जामीन – जामिनावर, कारकून – कारकुनाला: हे फारसीतून आलेले. मग लगेच कुणी 'तारीख' समोर ठेवेल. तो शब्दही बाहेरूनच आलेला, तरी 'तारखेला' होतो. मुलांनी असं उलटून विचारलं की समजा, तास यशस्वी झाला. 'वारूळ – वारुळात' यावर गटांत वाद होऊ द्या, काहीजण 'वारळात' म्हणतील. निर्णय देऊ नका, दोन्ही नोंदवून घ्या.

पाचवा व्यायाम : जगात नसलेले शब्द

१९५८मध्ये भाषाअभ्यासक जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'हा वग आहे, आता इथे दोन आहेत, दोन काय?' असं विचारलं. मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं इंग्रजी अनेकवचन नेमकं केलं, म्हणजे ती पाठ केलेलं बोलत नव्हती, नियम वापरत होती. हा प्रयोग मराठीत करायला फार सोपा आहे, कारण आपल्याकडे लिंग, वचन आणि सामान्यरूप तिन्ही तपासता येतात.

तीन चित्रं काढा आणि नावं द्या: तो टिसा, ती ढीन, ते टूळ. प्रत्येक मुलाने वर्गाबाहेरच्या चार जणांना, शक्यतो त्यांत एक लहान मूल असावं, विचारायचं: दोन काय? त्याच्यावर माशी बसली, कशावर?

'टिसे' हे अनेकवचन जवळजवळ सगळे देतील. 'टिशावर' की 'टिस्यावर' यात फाटे फुटतील. 'मासा – माशावर', 'पैसा – पैशाला' हा नियम नव्या शब्दाला किती जण लावतात ते मोजा. 'ढीन'चं अनेकवचन 'ढिना' की 'ढिनी' यावर एकमत होणार नाही, कारण मराठीत 'वाट – वाटा' आणि 'भिंत – भिंती' असे दोन्ही साचे जिवंत आहेत. आकडे मुलांचे स्वतःचे असतील आणि त्यावर ती हिरिरीने बोलतील.

नवे शब्द तुम्ही बनवणार असाल तर आधी वेगवेगळ्या भागांतल्या दोन-चार जणांना विचारून घ्या. एका जिल्ह्यातला निरर्थक शब्द दुसऱ्या जिल्ह्यात शिवी निघतो.

सहावा व्यायाम : क्रियापद कुणाचं ऐकतं?

वाक्यविचार शिकवताना वाक्याचे भाग फांद्यांसारखे दाखवणाऱ्या झाडाच्या आकृत्यांनी सुरुवात करू नका. ही सहा वाक्यं लिहा:

तिने आंबा खाल्ला.
तिने भाकरी खाल्ली.
तिने केळं खाल्लं.
तू आंबा खाल्लास.
तू भाकरी खाल्लीस.
तू केळं खाल्लंस.

पहिल्या तिन्हींत खाणारी तीच आहे, क्रियापद मात्र खाद्यपदार्थाप्रमाणे बदलतं. हे शाळेच्या 'कर्मणी प्रयोगा'मुळे मुलांना माहीत असतं. पुढच्या तिन्हींत शेवटचा 'स' कुठून आला? तो आंब्याचा नाही, 'तू'चा आहे. एकाच क्रियापदाने लिंग कर्माकडून घेतलं आणि पुरुष कर्त्याकडून. आयुष्यभर ही वाक्यं बोलूनही आपल्या हे लक्षात आलेलं नसतं, आणि मला हा मराठीतला सगळ्यात सुंदर तपशील वाटतो.

मग 'ने'. 'त्याने वाचलं, तिने वाचलं' पण 'मी वाचलं, तू वाचलंस'. हिंदीत 'मैंने, तूने' असतं. वर्गात हिंदी सगळ्यांना येते, तेव्हा दोन भाषांचा तक्ता शेजारी-शेजारी मांडा. कर्माला 'ला' लागलं की काय होतं तेही पाहा: 'तिने मुलीला पाहिलं', मुलगी समोर असून क्रियापद नपुंसकलिंगी.

यानंतर अडचणीची वाक्यं द्या: 'ती धडा शिकली', 'तो वही विसरला', 'ती पाणी प्यायली', 'तो चार वाक्यं बोलला'. कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी 'ने' नाही. अशी आणखी क्रियापदं शोधून आणणं हा गृहपाठ. 'तिने पाणी प्यायलं' म्हणणारेही भेटतील. चालतं, खात्री नाही, चालत नाही असे तीन रकाने करून दहा जणांचं मत घ्यायला सांगा. व्याकरण म्हणजे हो किंवा नाही एवढंच नसतं, हे त्या मधल्या रकान्यातून कळतं.

सातवा व्यायाम : बॅगेत की बॅगमध्ये?

१९६२मध्ये भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेले. एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विक्रेत्यांना विचारलं, म्हणजे उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच येणार. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारलं. त्या दोन शब्दांमधला र उच्चारला जातो की गाळला जातो, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. महागड्या दुकानात र जास्त ऐकू आला. समाजाची उतरंड उच्चारातून मोजता येते, हे इतक्या साध्या युक्तीने दाखवता आलं.

ही गोष्ट सांगून मुलांना विचारा: आपल्याकडे असं काय मोजता येईल? माझी सूचना इंग्रजीतून आलेल्या नामांची. टेबल, बॅग, कॉलेज, मोबाईल यांची चित्रं दाखवायची आणि 'किल्ली कुठे आहे?', 'मुलगी कुठे आहे?' असं विचारायचं. कुणी 'टेबलावर' म्हणेल, कुणी 'टेबलवर'. 'बॅगेत' आणि 'बॅगमध्ये', 'कॉलेजात' आणि 'कॉलेजमध्ये'. 'मोबाईलावर' मात्र फारसं ऐकू येणार नाही. प्रत्येक गटाने वीस ते पंचवीस वयाचे दहा आणि साठीच्या पुढचे दहा जण विचारायचे, वय आणि उत्तर एवढंच लिहायचं. सगळ्या गटांचे आकडे एकत्र केले की भाषाबदल पुस्तकातून बाहेर येतो.

उत्तर देणाऱ्याला 'आम्ही भाषेचा अभ्यास करतोय' एवढं आधी सांगावं, कोणता भाग ऐकतोय ते नंतर. चोरून रेकॉर्डिंग कधीही करू नये, घरच्यांचंही नाही.

आठवा व्यायाम : बोली, शेजार आणि अनोळखी भाषा

सात-आठ वाक्यांची एक छोटी गोष्ट लिहा. 'मी', 'मला', 'माझा', भूतकाळ, 'जात आहे', प्रश्न आणि नकार असे सगळे त्यात यायला हवेत. ती प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत सांगून घ्यायची, सांगणाऱ्याच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करायची आणि ऐकू येईल तशी लिहायची. भाषाअभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ब्रिटिश काळात भारताच्या भाषिक सर्वेक्षणासाठी हेच केलं होतं. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट गावोगावच्या बोलींत करवून घेतली, आणि मराठीचा सातवा खंड १९०५मध्ये निघाला. त्या सर्वेक्षणातली ग्रामोफोन रेकॉर्डिंग्जही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा आवाज वर्गात लावला की मुलं कान टवकारतात.

जमलेल्या गोष्टी ओळीखाली ओळ अशा मांडा. मालवणी 'माका', अहिराणीतलं 'मना', वऱ्हाडीतलं 'जाऊन राहिलो' आणि 'डोया' एकाच पानावर आले की फरक नियमाने पडतात हे दिसतं: जिथे एका ळचा य झाला, तिथे बाकीच्यांचं काय झालं ते शोधायला सांगा. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलीने 'मी आलो' म्हटलं तर ते तसंच लिहायचं.

शेजाराचा मुद्दाही इथेच घ्या. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यातला फरक हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' आहे, तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड या गावावर गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१चा निबंध जगभरच्या भाषाविज्ञान विभागांत शिकवला जातो. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलत आले. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत नेता येतं. सीमाभागातली मुलं वर्गात असतील तर त्यांच्याकडून अशी वाक्यं मिळवा.

शेवटचा तास अनोळखी भाषेचा. महाराष्ट्रात आर्य कुळातल्या मराठी, भिलीसारख्या भाषांबरोबर गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा आहेत, मेळघाटात मुंडा कुळातली कोरकू आहे, आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली आहे, जिचं नातं कुठल्याच ज्ञात कुळाशी सिद्ध झालेलं नाही. यांपैकी एखादी भाषा बोलणारी व्यक्ती कॉलेजच्या वसतिगृहात किंवा कर्मचाऱ्यांत अनेकदा असते. त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, विभागाच्या निधीतून मानधन द्या, आणि हा तास त्यांचा आहे हे सगळ्यांना कळू द्या. आधी शरीराचे अवयव, नाती, पाणी, आग, झाड, एक ते पाच. मग 'माझा हात, तुझा हात, माझे हात'. मग 'मी आलो, तू आलास, ती आली'. मुलांनी ऐकून लिहायचं, पुन्हा म्हणून दाखवायचं, पाहुण्यांनी दुरुस्त करायचं. पाऊण तासात बहुवचनाचा किंवा मालकीचा एखादा प्रत्यय मुलं स्वतः वेगळा काढतात. पाहुणे मिळालेच नाहीत तर भाषाविज्ञान ऑलिंपियाडचे प्रश्न वापरा. ही परंपरा १९६५मध्ये मॉस्कोत सुरू झाली, आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३पासून होते, आणि २०१६ची म्हैसूरला झाली. हे प्रश्न सोडवायला ती भाषा येण्याची गरज नसते.

गुण कसे द्यायचे

अंतर्गत गुणांपैकी निम्मे वहीला द्या. अंदाज बरोबर होता का हे पाहू नका, विरोधी उदाहरण मिळाल्यावर अंदाज बदलला का ते पाहा. बाकीचे निम्मे एका छोट्या शोधाला: स्वतः गोळा केलेली किमान चाळीस उदाहरणं, एक तक्ता, एक नियम, आणि त्यात न बसणारी उदाहरणं प्रामाणिकपणे वेगळी काढलेली. तीन पानांपेक्षा जास्त लिहू देऊ नका, नाहीतर पुस्तकातला मजकूर आत येतो.

लेखी परीक्षेचा नमुना विद्यापीठाच्या हातात असतो, त्यामुळे व्याख्या लिहाव्या लागतातच. शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक संज्ञेसमोर वर्गातलं स्वतःचं उदाहरण लिहून घ्या: स्वनिमासमोर दोन 'जग', रूपिमाच्या बदलत्या रूपांसमोर 'काळीज – काळज', भाषासंपर्कासमोर कुपवाड. चाचणी परीक्षेत मात्र एक प्रश्न असा ठेवा, जो वर्गात कधीच झालेला नाही. उदाहरणार्थ, 'पाऊस – पावसात', 'देऊळ – देवळात', 'पाऊल – पावलाला' हे तीन शब्द द्या आणि लाकडाचा नियम इथे कसा लागू होतो, हा 'व' कुठून आला, ते दहा ओळींत लिहायला सांगा.